ड्रोनच्या कॅमेऱ्यात वाफ धरली तर

मैत्रिणींनो, पावसाळा सुरू झाला की ड्रोन चालवणाऱ्या ताईंची एक तक्रार हमखास ऐकू येते. "स्क्रीनवर सगळं पांढुरकं दिसतंय. काच पुसली, परत पुसली, तरी जाईना." मोटार ठीक, बॅटरी ठीक, टाकीत औषध भरलेलं, शेतकरी बांधावर उभा आणि कॅमेऱ्याला मात्र मोतीबिंदू झाल्यासारखं. या वेळचा पाठ त्यावर आहे. यात अवघड काही नाही. पाण्याचा तांब्या, पापडाचा डबा आणि सादळलेलं मीठ हे सगळं आपण रोज बघतो. शास्त्र तेच आहे, फक्त यंत्र महाग आहे.

किती महाग, ते आधी ध्यानात घ्या. नमो ड्रोन दीदी योजना केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. खर्च १२६१ कोटी रुपये आणि देशभरातल्या १५ हजार बचत गटांना ड्रोन, असा तिचा आराखडा. संचाच्या किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान मिळतं. उरलेली रक्कम प्रभागसंघाला कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्जाने उभी करता येते आणि त्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत आहे. म्हणजे ड्रोन उडवते एक ताई, पण हप्ता सगळ्यांचा असतो. संचात खाली बघणारा कॅमेरा येतो, जादा बॅटऱ्या येतात, वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र येतं. पेटीत ओल किती आहे ते सांगणारं साधन मात्र त्या यादीत नाही. ते आपण वेगळं घ्यायचं. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी एक प्रयोग करा. स्टीलच्या पेल्यात माठातलं किंवा फ्रिजमधलं गार पाणी भरून ओट्यावर ठेवा. पाच मिनिटांत पेल्याला बाहेरून घाम फुटतो. पेला गळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग ते पाणी आलं कुठून? हवेतून. हवेत पाण्याची वाफ असते, ती दिसत नाही. गरम हवेच्या पोत्यात वाफ जास्त मावते, गार हवेच्या पोत्यात कमी. आकडाच हवा तर ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत सुमारे १७ ग्रॅमच. हवा गार वस्तूला टेकली की तिचं पोतं लहान होतं आणि जे मावत नाही ते थेंब होऊन बाहेर पडतं. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. गवतावरचं दहिवर, चहा पिताना चष्म्यावर येणारी वाफ आणि लेन्सवरचं धुकं, तिन्हींचं कारण हेच.

आता आपल्याकडे हे कसं घडतं ते बघा. ड्रोन दुरुस्तीसाठी किंवा सॉफ्टवेअर भरून घ्यायला वाकडला नेला आणि रात्री मुलाकडे किंवा भावाकडे मुक्काम झाला. वाकड-हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये एसी लावलेला, ड्रोनची पेटी त्याच खोलीत. सकाळी एसी गाडीतून माण, घोटावडे करत भात खाचराकडे निघालात. पेटीतला ड्रोन २२ अंशांवर गार. बाहेर मुळशीची जुलैची हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू साधारण २४ अंश येतो. म्हणजे पेटी उघडताच ड्रोनचा प्रत्येक भाग त्या गार पेल्यासारखा होणार. काचेवर धुकं चढणार. एकट्या काचेवर नाही, आतल्या पट्ट्यांवर आणि जोडण्यांवरसुद्धा, पण ते डोळ्यांना दिसत नाही. लेन्स फक्त पहिली चुगली करते.

उपाय बिनपैशाचा आहे. पेटी उघडूच नका. शेतावर पोचल्यावर ती सावलीत, बंद, तशीच ठेवा. पेटीतला फोम गारवा धरून ठेवतो, म्हणून पाच-दहा मिनिटं पुरत नाहीत. पाऊण तास ते एक तास द्या. पेटी बंद असते तेव्हा बाहेरची दमट हवा आत जात नाही आणि ड्रोन हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतो. तेवढ्या वेळात पाणी आणा, औषध कालवा, शेताला फेरी मारून विजेच्या तारा आणि डीपी बघून घ्या. ही कामं करायचीच असतात. आणखी सोपं म्हणजे माणच्या पुढे गेल्यावर गाडीचा एसी बंद करून काचा खाली घ्यायच्या. घाम आपल्याला येईल, लेन्सला नाही.

बाहेरून की आतून?

धुकं दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा. मऊ, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने काच एकदा हलकेच टिपा. धुकं गेलं किंवा फिसकटलं, तर ते बाहेरचं होतं. काहीच बदल झाला नाही, तर ते आतलं. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघितलं तर आतले बारीक थेंब चकाकतात. आतलं धुकं कितीही घासा, जाणार नाही. उलट घासून घासून काचेवरचा लेप जातो आणि मग कोरड्या हवेतही चित्र धुरकट येतं.

आणि बायांनो, पदराने पुसायचं नाही. हात आपोआप पदराकडे जातो हे मला माहीत आहे. पण पदरात धूळ असते, जर असते, शिवाय त्या दिवशी औषधाचा तुषारही असतो. तोंडाने फुंकही मारू नका. फुंकरीत वाफ असते आणि कीटकनाशकाचे कण उलट आपल्याच तोंडावर येतात. रबरी फुगा दाबून धूळ उडवायची, मग टिपायचं. सॅनिटायझर, थिनर, रॉकेल यातलं काहीही काचेला लावायचं नाही.

बाहेरच्या धुक्याचं अजून एक कारण फवारणीच्या ड्रोनलाच लागू पडतं. युरिया किंवा विद्राव्य खताची फवारणी झाली की त्याचा बारीक थर काचेवर वाळतो. युरियाचं पोतं पावसाळ्यात उघडं राहिलं तर त्याचं काय होतं? ओलं होऊन गठ्ठा होतो. हवेची आर्द्रता साधारण ७३-७५ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतून पाणी ओढायला लागतो. काचेवरचा तो थरही तेच करतो, त्यामुळे पुसलेली काच पुन्हा पुन्हा ओलसर होते. म्हणून दिवसाचं काम संपलं की थर वाळायच्या आत, हातमोजे घालून, स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने काच आणि तिच्या भोवतीची कड पुसून घ्या, मग कोरड्या कापडाने टिपा. नळीच्या जोरदार धारेने ड्रोन धुवू नका. याच कारणाने ड्रोनची पेटी खताच्या गोदामात ठेवायची नाही. जागा आहे म्हणून तिथेच ठेवतात बऱ्याच ठिकाणी.

आत वाफ शिरते कशी

"पण ताई, कंपनीवाले म्हणाले कॅमेरा वॉटरप्रूफ आहे." हा प्रश्न प्रशिक्षणात नेहमी येतो. आयपी ६७ असा शिक्का असला तर त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालतं. ही चाचणी पाण्याची आहे, वाफेची नाही. वाफ पाण्यापेक्षा फार बारीक वाटांनी जाते. रबराच्या कडेतून, प्लॅस्टिकमधून, वायर आत जाते तिथून.

शिवाय कॅमेरा श्वास घेतो. म्हणजे असं, की उन्हात डबी तापते, आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर पडते. संध्याकाळी डबी निवते, आतली हवा आक्रसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. ती पावसाळी हवा असते, वाफेने भरलेली. असे दहा-पंधरा दिवस गेले की आत ओल साठते. मग एक दिवस उन्हात तापलेला ड्रोन उडाला, समोरून वारा लागून पुढची काच निवली आणि आतल्या बाजूला धुकं धरलं. उंचीमुळे गार पडून असं होतं, असं काही जणी सांगतात. तसं नाही. फवारणीला आपण पिकाच्या वर दोन-तीन मीटरच असतो. तेवढ्या उंचीने तापमान बदलत नाही. काच निवते ती वाऱ्याने.

ओल आत जायचा सगळ्यात मोठा रस्ता मात्र आपणच तयार करतो. संध्याकाळी पाऊस आला म्हणून ओला ड्रोन घाईघाईने पेटीत घालतो आणि कड्या लावतो. पेटीतला फोम म्हणजे स्पंज. तो रात्रभर ओला, पेटी बंद, आत आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ. कॅमेऱ्याला ती सगळी रात्र ओलच प्यावी लागते. ओले कपडे घडी करून कपाटात ठेवल्यासारखं आहे हे. घरी गेल्यावर कितीही दमला असाल तरी ड्रोन बाहेर काढा, पुसा, पंख्याखाली ठेवा आणि फोम वेगळा काढून वाळवा. चुलीच्या खोलीत नको, गोठ्यालगतच्या खोलीत नको.

चाकणच्या कारखान्यात कुणी घरचं कामाला असेल तर त्यांना गाडीच्या हेडलाईटबद्दल विचारा. पावसात हेडलाईटच्या आत पातळ धुकं धरतं आणि दिवा थोडा वेळ लावला की निघून जातं. हे सहसा बिघाडात धरत नाहीत, कारण दिव्याला मागून हवा यायला-जायला बारीक छिद्र ठेवलेलं असतं. पण तळाशी पाणी साचलं तर सील गेलं. कॅमेऱ्यालाही हाच निवाडा लावा. पातळ वाफ असेल तर घरी वाळवता येते. मोठे थेंब दिसले, ओघळ दिसला किंवा काचेच्या खालच्या कडेला पाणी साचलं, तर घरचा उपाय नाही. बॅटरी लगेच काढायची, कॅमेरा चालू करायचा नाही आणि सेवा केंद्राला फोन लावायचा. पाणी असताना वीज दिली तर आतली पट्टी जळते.

वाळवायचं कसं

पातळ वाफ आहे अशी खात्री झाली की सुरुवात बॅटरी काढून करा. बॅटरीला ऊब सोसत नाही, तिला या सगळ्यापासून लांब, कोरड्या जागी ठेवा.

मग सिलिका जेल लागेल. औषधाच्या बाटलीत किंवा नव्या चपलांच्या खोक्यात येते ती एक-एक ग्रॅमची पुडी इथे कामाची नाही. ती बहुतेक वेळा आधीच ओलीने भरलेली असते. दाणेदार, रंग बदलणारं सिलिका जेल पाव किलो आणा. नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवे होतात. निळे दाणे गुलाबी होतात, पण निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते आरोग्याला बरं नाही, म्हणून नारिंगी घ्या. दाणे पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा, सुटे ठेवले तर त्यांची भुकटी फटीत जाते.

कॅमेरा पुस्तिकेप्रमाणे सहज निघणारा असेल तर तो काढून घट्ट झाकणाच्या डब्यात पुरचुंडीसोबत ठेवा. निघत नसेल तर जबरदस्ती करू नका. जाड प्लॅस्टिकची पिशवी कॅमेऱ्यावर टोपीसारखी चढवा, आत पुरचुंडी ठेवा आणि तोंड टेपने बंद करा. पुरचुंडी काचेला टेकता कामा नये. एक दिवस, एक रात्र तसंच राहू द्या. धुकं कमी झालं पण गेलं नाही तर दाणे बदलून अजून एक दिवस. दोन दिवसांनीही फरक नाही, किंवा आज गेलं आणि परवा पुन्हा आलं, तर सील सैल झालंय. मग वाळवत बसण्यात अर्थ नाही.

हिरवे झालेले दाणे फेकू नका. जुना तवा त्यासाठी वेगळा काढा, जो पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही. मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, हलवत हलवत तापवा. साधारण ११०-१२० अंशांना दाणे कोरडे होतात आणि पुन्हा नारिंगी दिसू लागतात. आच मोठी केली तर काळे पडून वाया जातात. गार होताच लगेच बरणीत भरून झाकण लावा, नाहीतर घरातलीच ओल पितील.

तांदळाबद्दल सगळ्या विचारतात. मोबाईल पाण्यात पडला की तांदळात पुरायचा, हे आता घरोघरी पोचलंय. तांदूळ ओल ओढतो, पण फार थोडी आणि फार सावकाश. त्यात आपल्या मावळ-मुळशीत पावसाळ्यात तांदूळ स्वतःच ओल धरून बसलेला असतो. वर त्याचा पीठूळ भुरा कॅमेऱ्याच्या फटीत जातो. इंद्रायणी भाताला ठेवा, कॅमेऱ्याला नको.

केस वाळवायचं यंत्र, चुलीची धग, कडक ऊन हेही नको. एका बाजूने एकदम तापलं की वाफ तिथून उठते आणि आतल्या दुसऱ्या, गार काचेवर जाऊन बसते. कॅमेऱ्यात काचा एकामागे एक असतात. पुढची स्वच्छ दिसते, मागची खराब होते आणि तिथे आपला हात पोचत नाही. शिवाय चिकटवलेले भाग सुटतात. स्क्रू खोलून आत बोट घालायचा मोह तर टाळाच. संचासोबत एक वर्षाची हमी, एक वर्षाचा विमा आणि दोन वर्षांचा देखभाल करार येतो. आपण स्क्रू फिरवला की त्या तिन्हींवर वाद सुरू होतो. त्याऐवजी धुक्याचा फोटो काढा, तारीख-वेळ टाका आणि लेखी कळवा.

दमट जागी लेन्सवर बुरशीही येते, लोणच्यावर येते तशीच. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर समजायचं, ओल कित्येक आठवडे मुक्कामाला होती. बुरशीचं तंतू काचेचा लेप खातं आणि तो डाग मग कायमचा. म्हणून पेटीत एक छोटं आर्द्रतामापक ठेवा, काही शे रुपयांत मिळतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. ६० ओलांडला की दाणे बदला. माझ्या मते ड्रोनसाठी गटाने करायचा हा पहिला खर्च आहे, झेंडूची माळ आणि नावाची पाटी त्यानंतर.

हिवाळ्यात उलटा खेळ

पावसाळा संपला म्हणजे सुटलो असं नाही. खेड-चाकणच्या कांद्याच्या फवारण्या डिसेंबर-जानेवारीत येतात. रात्री ड्रोन पत्र्याच्या शेडमध्ये गारठतो. सकाळी ऊन पडलं की पातीवरचं दहिवर उडून हवेत वाफ वाढते, पण कॅमेरा अजून रात्रीचाच गार असतो. अशा वेळी सातला उडवलेला ड्रोन आंधळा होतो आणि नऊला तोच नीट बघतो. घाई करण्यात तसाही फायदा नसतो. पातीवर दव असताना मारलेलं औषध ओघळून खाली जातं. शेतकऱ्याला हे कारण लगेच पटतं, लेन्सचं कारण पटायला वेळ लागतो.

आणि हाच या पाठातला अवघड भाग. शेतकरी म्हणतो, "ताई, एवढ्या लांबून आलात, जरा धुरकट दिसतंय तर काय झालं? समोर तर दिसतोय ना ड्रोन. मारून घ्या." ड्रोन डोळ्यांच्या टप्प्यात ठेवायचा हा नियम आहेच. पण दीडशे-दोनशे फुटांवरून तार आणि पंखा यांच्यातलं अंतर आपल्या डोळ्यांना कळत नाही, तिथे कॅमेराच लागतो. काही ड्रोन खाली बघणाऱ्या कॅमेऱ्यावरच जागा धरून राहतात, तो धुकटला की ते एका जागी ठरत नाहीत. जादा बॅटऱ्या धरून एका दिवसात २० एकरांपर्यंत काम होईल असा योजनेचा हिशोब आहे. म्हणजे थांबलात तर जास्तीत जास्त एका दिवसाचं काम पुढे जाईल. तारेला लागला तर हंगाम गेला, आणि खाली कोण उभं असेल ते सांगता येत नाही.

म्हणून नाही म्हणायचा अधिकार ड्रोन चालवणाऱ्या ताईकडे आहे, असा ठराव प्रभागसंघाच्या सभेत करून इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी नको. "आज कॅमेरा बघत नाही, म्हणून उडवणार नाही" एवढं म्हणायला घरची, गावची, ओळखीची माणसं समोर असली की जड जातं. कागदावर ठराव असला की तिला एकटीला वाद घालावा लागत नाही, "संघाचा नियम आहे काका" म्हणता येतं. बुकिंग घेतानाच शेतकऱ्याला सांगून ठेवा, की धुकं किंवा कॅमेऱ्याची अडचण आली तर तारीख पुढे जाईल आणि त्याचा जादा पैसा लागणार नाही.

उड्डाणाच्या वहीत तीन रकाने वाढवा: पेटी उघडताना आर्द्रता किती होती, काच आतून-बाहेरून स्वच्छ होती का, आणि दाणे शेवटचे कधी तापवले. सहायक ताईने ते भरायचे, चालक ताईने सही करायची. पुढच्या मासिक सभेला वही सोबत आणा. ज्या गटांच्या कॅमेऱ्यात या पावसाळ्यात दोनदा वाफ धरली असेल त्यांच्या नोंदी एकत्र करून देखभाल करारातून सील बदलून मागता येतील.